रात्रीच्या हवेने घर गार: मुंबईतल्या फ्लॅटसाठी स्वयंचलित वायुवीजन

फेब्रुवारीच्या रात्री अकरा वाजता बाहेर २३ अंश असतात आणि वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये २९. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत मध्यरात्र उलटली तरी उष्णता सोडत असतात. बाहेरची गार हवा पंख्याने घरातून फिरवली तर ही उष्णता काढून टाकता येते. अडचण एवढीच की पंखा कधी लावायचा आणि कधी बंद करायचा हे पाहायला रात्रभर कोणी जागं राहत नाही. ते काम काही सेन्सर आणि एक छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड करतो. इलेक्ट्रॉनिक्स नवीन असलेल्यालाही दोन-तीन शनिवार-रविवारांत ही व्यवस्था उभी करता येईल.

मुंबईत मात्र एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवावी लागते. कोरड्या हवेच्या गावांत रात्री तापमान उतरलं की खिडक्या उघडायच्या, एवढा नियम पुरतो. इथे समुद्राचा दमटपणा आहे आणि हिवाळ्यात धूळ आहे, त्यामुळे बाहेर गार असूनही हवा आत घेऊ नये अशा रात्री बऱ्याच येतात. त्या ओळखणं हा या कामाचा अवघड भाग आहे. पंखा बसवणं त्यामानाने सोपं.

उपयोग कोणत्या घराला, कोणत्या महिन्यांत

खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा. जानेवारीत सांताक्रूझचं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं, कुलाब्याचं त्याहून दोन-तीन अंश जास्त. बोरिवली, मुलुंड, पवई या राष्ट्रीय उद्यानाजवळच्या भागांत रात्र आणखी गार होते. सगळ्यात जास्त फायदा फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या दिवसांत होतो जेव्हा पूर्वेचे वारे समुद्राचा वारा अडवून धरतात. दुपारी पारा ३७-३८ पर्यंत चढतो, पण हवा कोरडी असते आणि रात्री ती झपाट्याने निवते. ऑक्टोबरच्या शेवटी काही रात्री मिळतात. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत व्यवस्था बंद ठेवा. मे महिन्यात किमान तापमानच २७ च्या घरात असतं, त्यातून काही हाती लागत नाही.

गच्चीखालचं घर आणि पश्चिमेची उघडी भिंत असलेलं घर यांना सर्वाधिक उपयोग. समोरासमोर दोन बाजूंना खिडक्या असाव्यात. चाळीतल्या खोलीत गॅलरीकडचा झरोका आणि मागची खिडकी अशी वाट सहज मिळते. ज्या घराच्या खिडक्या एकाच बाजूला आहेत आणि दुसरी बाजू फक्त डक्टमध्ये उघडते, त्यांनी या खर्चात पडू नये. डक्टमधली हवा म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांचा वास, कबुतरांची घाण आणि शेजाऱ्यांच्या एसीची गरम फुंकर. सगळ्या घराला पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तरी फायदा बराच घटतो, कारण हवा स्लॅबला लागतच नाही. आणि गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावला नसेल तर आधी सोसायटीकडून तो लावून घ्या. आत न शिरलेली उष्णता काढावी लागत नाही.

हवा किती लागेल

४५० चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके आणि साडेनऊ फूट उंची धरली तर घरात सुमारे १२० घनमीटर हवा मावते. ती तासाला दहा वेळा बदलायची म्हणजे १२०० घनमीटर प्रति तास. पंख्याच्या डब्यावर आकडा सीएफएममध्ये (घनफूट प्रति मिनिट) असेल तर १.७ ने गुणा.

एक घनमीटर हवा एका अंशाच्या फरकाला साधारण ०.३३ वॉट-तास उष्णता वाहून नेते. १२०० घनमीटर आणि आत-बाहेर ५ अंशांचा फरक असेल तर तासाला जवळजवळ २००० वॉट-तास, म्हणजे अर्ध्या टनाच्या एसीहून थोडं जास्त, आणि तेही ७०-८० वॉटच्या पंख्यावर. फरक २ अंशांवर आला की हेच काम ८०० वॉटवर येतं. पंख्याची वीज तेवढीच जळते, वर त्याची घरघर आणि बाहेरची धूळ घरात. म्हणून फरक फार कमी झाला की थांबायचं.

उष्णता कुठे साठलेली असते तेही पाहा. या घराचा पाच इंची स्लॅब सुमारे साडेबारा टनांचा भरतो आणि तो एक अंशाने गार करायला ३ युनिट (३००० वॉट-तास) उष्णता काढावी लागते. भिंतींचा हिशेब वेगळा. त्यामुळे आतली हवा पंधरा मिनिटांत गार लागते, पण पंखा बंद केला की अर्ध्या तासात घर पुन्हा पूर्ववत होतं. काम सहा-आठ तास चालावं लागतं, आणि सकाळपर्यंत स्लॅब एक ते दोन अंश उतरला तर ते नीट झालं म्हणायचं. या काळात छताचा पंखा मध्यम वेगावर चालू ठेवा. हवा स्लॅबला आणि भिंतींना घासून गेली तरच उष्णता उचलते. नुसती खिडकीतून येऊन एक्झॉस्टमधून निघून गेली तर स्लॅब तापलेलाच राहतो.

पंखा आणि हवेची वाट

डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. मच्छरजाळी, झडप आणि अरुंद वाट यांनी तो सहज तिसऱ्या हिश्शाने घटतो. १२०० हवे असतील तर १८०० चा पंखा घ्या, किंवा नऊशे-हजाराचे दोन. दोन पंखे कमी वेगाने चालवणं केव्हाही चांगलं, कारण आवाज कमी होतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि शेजाऱ्याची बेडरूम तुमच्या पंख्यापासून कधीकधी सहा फुटांवर असते. पंख्याच्या चौकटीखाली रबराची पट्टी द्या. वेग कमी करायला कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर वापरा. दिव्याच्या डिमरवर मोटर गुणगुणते आणि तापते. पंखे लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात नीट पाहून, चालवून घेता येतात.

भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी लागते, आणि बीम-कॉलमला तर हातच लावायचा नाही. त्यापेक्षा खिडकीचा वरचा काचेचा पट्टा काढून तिथे १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय बसवा आणि त्यात पंखा लावा. बाहेरून वजनाने पडणारी झडप हवीच. ती नसेल तर पंखा बंद असताना दुपारची गरम हवा त्याच भोकातून आत येते, पाठोपाठ कबुतरंही.

हवा बेडरूममधून आत यावी आणि हॉल किंवा स्वयंपाकघरातून बाहेर जावी. दिशा निवडताना वारा पाहा. मुंबईत दुपारी-संध्याकाळी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिम-वायव्येकडून येतो. हिवाळ्यात रात्र चढली की तो जमिनीकडून, पूर्व-ईशान्येकडून येऊ लागतो. म्हणून आत घेणारी खिडकी पूर्वेला आणि पंखा पश्चिमेला, ही जोडी उत्तम. उलट केलं तर पंखा वाऱ्याशी झुंजत राहतो.

आत येणाऱ्या हवेला जाळीचं क्षेत्रफळ भरपूर ठेवा. १२०० घनमीटरला निव्वळ मोकळी जागा सुमारे ०.२२ चौरस मीटर लागते. मच्छरजाळी धरून ती दुप्पट करा, म्हणजे ६० बाय ७५ सेंटिमीटरची पूर्ण उघडी खिडकी. खोल्यांची दारं उघडी हवीत, दाराला अडकण लावा. पंख्याशेजारची खिडकी मात्र घट्ट बंद, नाहीतर पंखा तिथूनच हवा ओढतो आणि बाकी घराला हवाच मिळत नाही. वाट बरोबर आहे का हे पाहायला उदबत्ती पुरते: बेडरूमच्या दारात धरली की धूर हॉलकडे ठामपणे वाकला पाहिजे.

सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना मोटर बसवण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. रुळात धूळ बसते, खिडकी अडते, मोटर जळते. ग्रिलमागची खिडकी झोपताना हाताने उघडा आणि तिला दाराला लावतात तसा चुंबकाचा रीड स्विच लावा. खिडकी बंद असेल तर पंखा सुरूच होणार नाही, एवढं बोर्डाने पाहिलं की झालं.

गॅस गिझर असेल तर हे आधी वाचा

बाहेर हवा फेकणारा पंखा घरात किंचित निर्वात तयार करतो. त्या ओढीने गॅस गिझरचा धूर नळीतून बाहेर जाण्याऐवजी घरात परत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसं दगावतात ती याच वायूने. घरात गॅस गिझर असेल तर पंखा उलटा बसवा, म्हणजे तो बाहेरची हवा आत ढकलेल आणि दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी राहील. तरीही पहिल्या आंघोळीच्या अर्धा तास आधी पंखा सक्तीने बंद होईल असं वेळापत्रक ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. यात कुठलीही तडजोड नको.

सेन्सर

निळा स्वस्त डीएचटी११ घेऊ नका. त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाते आणि आपला सगळा निर्णयच दोन अंशांवर आहे. एसएचटी३१ किंवा एसएचटी४० हे तापमान-आर्द्रतेचे सेन्सर घ्या, दोन्ही ०.२-०.३ अंशांत बरोबर असतात. एक आत, एक बाहेर. तिसरा, फक्त तापमान मोजणारा डीएस१८बी२०, स्लॅबला खालून थर्मल पेस्ट आणि टेपने चिकटवा. व्यवस्था खरंच काम करते आहे का, हे शेवटी तोच सांगतो. हे सगळं लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. बोर्ड, सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंखा चालू-बंद करणारा स्विच) आणि धुळीचा सेन्सर मिळून साधारण तीन ते पाच हजार रुपये धरा, पंखा वेगळा.

बसवण्याआधी दोन्ही सेन्सर एकाच टेबलावर शेजारी ठेवून रात्रभर नोंद घ्या. त्यांच्यात जो कायमचा फरक दिसेल तो एकातून वजा करा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि नंतर पंखा भलत्या वेळी का लागतो याचा शोध घेत बसतात.

बाहेरचा सेन्सर छज्जाखाली, उत्तरेला, भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर. पश्चिमेच्या भिंतीवर लावला तर तो रात्री दहापर्यंत भिंतीचंच तापमान सांगतो. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ किंवा स्वतःच्या एक्झॉस्टच्या झोतात तर मुळीच नको. कुंडीखालच्या सहा-सात पांढऱ्या ताटल्या दीड सेंटिमीटरच्या अंतराने रचून, मधल्यांना भोक पाडून सेन्सरचं घर करा: ऊन-पाऊस अडतो, हवा खेळते. समुद्राजवळच्या भागात खारी हवा एका हंगामात जोडण्या हिरव्या करते, म्हणून सोल्डर केलेल्या जागांवर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (दमटपणा अडवणाऱ्या लेपाचा) हात मारा. सेन्सरच्या छिद्रावर मात्र तो थेंबभरही जाऊ देऊ नका. केबल एक-दीड मीटरपेक्षा लांब गेली की एसएचटी सेन्सरचे आकडे मध्येच गायब होऊ लागतात. अंतर जास्त असेल तर बाहेर दुसरा बोर्ड ठेवा. आतला सेन्सर आतल्या भिंतीवर, दीड मीटर उंचीवर, फ्रिज आणि टीव्हीपासून लांब.

दवबिंदू: मुंबईचा मुख्य निकष

आर्द्रतेची टक्केवारी पाहून निर्णय घेतला की हमखास चुकतो. जानेवारीच्या रात्री बाहेर २१ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर आकडा दमट वाटतो, पण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, १५ च आहे. ही हवा आत येऊन तापली की कोरडी आणि सुखद होते. मे महिन्यात बाहेर २८ अंश, ८२ टक्के आणि आत ३१ अंश, ६० टक्के असं असतं. बाहेर तीन अंश गार, म्हणून भोळी व्यवस्था पंखा लावते. पण बाहेरचा दवबिंदू साडेचोवीस आहे आणि आतला बावीसच्या थोडा वर. म्हणजे आपण पाणी आत आणतो आहोत. अंग चिकचिकतं, कपाटात बुरशी धरते, आणि नंतर एसी लावला तर त्याची बरीच ताकद ते पाणी काढण्यातच जाते. एसीने गार केलेल्या खोलीत अशी हवा सोडली तर फरशीला घाम फुटतो.

दवबिंदू बोर्डालाच काढू द्या. तापमान त (अंशांत) आणि आर्द्रता आ (टक्क्यांत) असेल तर:

ग = नैसर्गिक लॉग (आ ÷ १००) + (१७.६२ × त) ÷ (२४३.१२ + त)

दवबिंदू = (२४३.१२ × ग) ÷ (१७.६२ − ग)

बोर्ड आणि वायरिंग

ईएसपी३२ हा वायफाय असलेला बोर्ड आणि त्यावर ईएसपीहोम हे तयार सॉफ्टवेअर ही नवशिक्यासाठी सर्वांत सरळ जोडी. होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर आलेख तिथे पाहा, पण नियम बोर्डावरच चालवा. वायफाय गेलं म्हणून पंखा अडून राहू नये. यातली एक खोच: ईएसपीहोममध्ये होम असिस्टंट किंवा वायफाय पंधरा मिनिटं सापडलं नाही तर बोर्ड स्वतःला रीबूट करतो. दोन्हीकडचा रीबूट टाइमआउट शून्य करा, नाहीतर वायफायच्या किंवा होम असिस्टंटच्या प्रत्येक बिघाडात पंखा दर पंधरा मिनिटांनी चालू-बंद होईल.

रिलेसाठी पिन २५, २६ किंवा २७ घ्या. ०, २, ५, १२, १५ या पिना सुरू होताना आपोआप हलतात आणि वीज परत आल्यावर पंख्याला झटका बसतो. रिले किमान १० अँपिअरचा असावा. मोटर बंद होताना संपर्कांत ठिणगी पडते आणि काही महिन्यांत ते चिकटतात. मग बोर्ड बंद म्हणत असतो आणि पंखा चालूच राहतो. त्यावर उपाय म्हणजे मोटरला समांतर ०.१ मायक्रोफॅरड, एक्स२ प्रकारचा कपॅसिटर आणि १०० ओहम रेझिस्टर यांची एकापुढे एक (सिरीज) जोडणी. बोर्डाला वीज चांगल्या मोबाइल चार्जरमधून द्या, उघड्या सर्किटचे स्वस्त पॉवर मॉड्यूल टाळा.

२३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडून करून घ्या: दीड चौरस मिलिमीटरची वायर, ६ अँपिअरचा एमसीबी, अर्थिंग आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). तयार स्मार्ट स्विच लावायचा असेल तर आधी भिंतीवरच्या स्विचबोर्डात न्यूट्रल आहे का बघा. जुन्या इमारतींत तो बऱ्याचदा नसतो. पंख्याला हाताने बंद करायचा साधा स्विच वेगळा ठेवाच.

नियम

सुरू होण्यासाठी सगळ्या अटी एकत्र दहा मिनिटं पूर्ण झाल्या पाहिजेत: बाहेर आतपेक्षा किमान २ अंश गार, बाहेरचा दवबिंदू २० च्या खाली आणि आतल्यापेक्षा एका अंशाहून जास्त वर नाही, आत २५.५ च्या वर, पीएम २.५ (हवेतली अतिबारीक धूळ) साठच्या खाली, खिडकी उघडी, वेळ रात्री दहा ते सकाळी तुम्ही ठरवलेल्या वेळेपर्यंत (गॅस गिझर असेल तर पहिल्या आंघोळीच्या अर्धा तास आधीपर्यंत).

बंद होण्यासाठी कोणतीही एक अट पुरे: फरक १ अंशाच्या खाली, दवबिंदू २१ च्या वर, आत २४, धूळ ७५ च्या वर, खिडकी बंद, सकाळची ठरलेली वेळ झाली, किंवा तापमान-आर्द्रतेच्या कुठल्याही सेन्सरचा आकडा पाच मिनिटं आला नाही. सुरू आणि बंद यांच्या आकड्यांत हे अंतर मुद्दाम ठेवलं आहे, नाहीतर सीमेवर पंखा सतत चालू-बंद होत राहतो. एकदा फिरला की किमान दहा मिनिटं फिरावा, थांबला की दहा मिनिटं थांबावा. पण सेन्सर गप्प झाला किंवा खिडकी लागली तर लगेच बंद. आतली २४ ची मर्यादा लहान मुलं आणि वयस्कर असलेल्या घरांत २५ करा. पहाटे चार वाजता अंगावर येणारी २० अंशांची हवा मुंबईकराला सोसत नाही.

धुळीची अट गाळू नका. पीएम २.५ चं भारतातलं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि मुंबईत ते ओलांडलं जातं ते मुख्यतः हिवाळ्यातच, कारण गार, शांत रात्री हवेचे थर खाली दबतात आणि धूर-धूळ जमिनीलगत अडकते. म्हणजे आपल्या सर्वांत उपयोगी रात्रीच पुष्कळदा सर्वांत घाण असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप जवळच्या केंद्राचा आकडा देतं, पण शेजारी इमारत पाडत असतील तर ते त्यात दिसत नाही, म्हणून स्वतःचा पीएमएस५००३ सेन्सर बाहेर ठेवा. त्याचं लेझर झिजतं, म्हणून दर दहा मिनिटांत एक मिनिटच चालवा आणि पहिल्या तीस सेकंदांचे आकडे टाकून द्या. पहाटेच्या धुक्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या जवळ गेली की तो फुगवून आकडे देतो. अशा वेळी पंखा बंदच राहिला तरी काही बिघडत नाही. घरात दमा असलेलं कोणी असेल तर ६० ऐवजी ३५ ठेवा आणि कमी रात्री मिळतील हे मान्य करा.

सकाळी

पंखा थांबला की फोनवर संदेश यावा: खिडक्या लावा. सूर्य वर येण्याआधी खिडक्या आणि पश्चिमेचे पडदे बंद झाले नाहीत तर रात्रीची कमाई दुपारपर्यंत संपते. दुपारी समुद्राच्या वाऱ्यासाठी सगळं उघडं टाकायची आपली सवय इथे आड येते. बाहेर ३३ आणि आत २८ असताना तो वारा अंगाला बरा वाटला तरी स्लॅबला तापवतो. छताचा पंखा लावा, स्वयंपाकाच्या वेळी तेवढी स्वयंपाकघराची खिडकी उघडा, आणि संध्याकाळी बाहेरचं तापमान आतल्याच्या खाली आलं की मग सगळं मोकळं करा.

काही बिघडलं तर

पंखा लागला की बाथरूममधून गटाराचा वास येत असेल, तर न वापरल्या जाणाऱ्या नाहणी ट्रॅपमधलं (फरशीच्या जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या वाटीतलं) पाणी आटलं आहे आणि पंखा डक्टची हवा ओढतो आहे. दोन तांबे पाणी ओता, बाथरूमचं दार लावा. वास तरीही आला तर आत घेणारी खिडकी लहान पडते आहे.

रात्रभर पंखा फिरून स्लॅबचा आकडा अर्धा अंशही हलला नाही, तर आधी जाळी पाहा. मुंबईच्या धुळीत मच्छरजाळी तीन-चार आठवड्यांत निम्मी बुजते; ब्रशने धुतली की फरक त्याच रात्री दिसतो. जाळी स्वच्छ असेल तर छताचा पंखा बंद राहिला होता का, खोलीचं दार आपटून लागलं होतं का, तेही तपासा.

रात्री दहा वाजून गेले तरी पंखा लागत नाही आणि ॲपवर बाहेर २४ दिसतात, तेव्हा ॲपवर विश्वास ठेवू नका. ते वेधशाळेचं तापमान आहे. तुमच्या गल्लीत एसींच्या युनिटांमुळे तासभर उशिराने ते येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात झडप आतून प्लॅस्टिकने बंद करा, बाहेरचे सेन्सर काढून सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा आणि पंख्याच्या पात्यांवरचा तेलकट थर पुसून घ्या. ऑक्टोबरअखेर पुन्हा जोडताना दोन्ही सेन्सर परत एकदा एका टेबलावर रात्रभर शेजारी ठेवायचे आहेत.